व्हिएन्नात धोंड्याचं वाण

१८ मे, सोमवार

पोचले एकदाची. पाय सुजलेत. सोनी एकटीच घ्यायला आली. जावईबापू कुठंयत विचारलं तर "कामानं दुसऱ्या गावी गेलाय, येईल." सासू एवढ्या लांबून आली अन् जावयाला काम.

गाडी सरळ हॉटेलवर. म्हणलं, घरी का नाय? तर म्हणती, "तूच म्हणायचीस ना, मूल होईस्तोवर लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाय." म्हणायचे, खरंय. माझ्या आईनं पाळलं, मी बी पाळते. पण उंबऱ्याच्या आत नको असं कुठं म्हणलं होतं?

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. जावयाला सुट्टी नाय, म्हणून ह्यांनी मला धाडलं. ह्यांचा गुडघा काय विमानात बसायचा नाय. वाण पिशवीत. चांदीचा दिवा, ताट, तेहेतीस अनारसे. द्यायचं कुणाला?

१९ मे, मंगळ.

पिवळा राजवाडा बघितला. खोलीतून खोली, खोलीतून खोली. राजाचा पलंग, राणीचा आरसा. म्हणलं, आमच्या गावचा मकबरा अन् लेणी सोडून आलेय मी. राजवाडे नको दाखवू, तुझा ओटा दाखव.

"उद्या बघू आई."

रस्त्यात नळ, प्यायचं पाणी नुसतं वाहतंय. आमचा जन्म नळाची वाट बघण्यात गेला.

सांजच्याला दुकानात गेलो. सोनीनं घेतलं काय, तर एक कांदा, एक टमाटा, दुधाचा लहानसा डबा. दोन माणसांच्या घराला असं सामान जात नाय.

२० मे, बुध.

सकाळीच ह्यांचा फोन. "वाण दिलं का? फोटो पाठव, ताईला दाखवायचाय." म्हणलं, देते.

दुपारी मोठा पाळणा. जत्रेतल्यासारखाच, पण एकेक डबा खोलीएवढा. लई हळू फिरतो. डब्यात आम्ही दोघी अन् एक गोरं म्हातारं जोडपं. पार वर गेल्यावर विचारलं, "आता कुठं पळती? जावई कुठाय?"

खाली बघत बोलली. "आम्ही वेगळं राहतो. दिवाळीच्या आधीपासून."

"दिवाळीला फोनवर शेजारी बसले होते की!"

"फोनपुरता आला होता."

फराळाचं ताट धरून हसत होते दोघं. सगळ्या गल्लीला दाखवलं होतं मी.

म्हातारी बोट करून काहीतरी दाखवत होती. नदी असंल. मी नाय बघितली.

२१ मे, गुरु.

झोप नाय. सकाळी म्हणलं, घरी चल.

"पण तुझं ते..."

"गेलं चुलीत."

एक खोली. एक खुर्ची. तिच्यावर मला बसवलं, स्वतः पलंगावर. खिचडी केली. खाल्ली मी, मनातल्या मनात आईची माफी मागितली. मीठ कमी होतं.

मारतो का? नाय. पितो का? नाय. दुसरी कोण? नाय. मग काय?

"बोलायचाच नाय आई. आठवडा आठवडा. घरात माझी मीच बोलायचे."

म्हणलं, तुझा बाप तरी माझ्याशी कुठं बोलतो!

हसंल वाटलं होतं. नुसती बघत राहिली माझ्याकडं. ते बघणं काय डोक्यातून जाईना.

२२ मे, शुक्र.

सोनीनंच विषय काढला. "त्याला बोलावते. फोटोपुरता येईल. बाबांना एवढ्यात कळायला नको."

कॉफीच्या दुकानात आला. वाळलाय. भर दुकानात वाकून पाया पडला, लोक बघायला लागले. शिव्या घोळवत गेले होते, एक आठवंना.

ताट पुढं केलं तर म्हणला, "आई, मला नाही घेता यायचं हे."

सोनी म्हणली, "घे रे. जरा धर नुसतं."

धरलं. शेजारी बसले. हसले. अगदी दिवाळीला हसले तसेच. माझं बोट फोनवर. नाय दाबलं. म्हणलं, ठेवा ते खाली, मला नाय जमत.

एक अनारसा तेवढा खायला लावला. उपाशी दिसला.

सोनी चिडली. "एक फोटो काढायचा होता आई, दुसरं काय मागितलं?" मग हॉटेलपर्यंत माझ्या दोन पावलं पुढंच चालली.

२३ मे, शनि. विमानतळ

सोनी सोडायला आली. "बाबांना काय सांगणार?" म्हणलं, माहीत नाय. खरंच नाय माहीत. गळ्यात पडली अन् सोडीचना.

रांगेत उभी राहते न राहते तर ह्यांचा फोन. "फोटो आला नाय."

"उभे आहात का बसलात?"

"उभाय. का?"

"बसा आधी."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बसलो. बोल."

तोंड उघडलं अन् रांग सरकली. काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट मागितला. आल्यावर बोलू म्हणलं अन् ठेवला.

त्यांनी परत केला नाय. मी बी नाय. विमानाला अजून वेळ आहे. तिकडं बसूनच असतील.