आत्या जेवलीच नव्हती

१२ मार्च
बाबा निवृत्त झाले म्हणून गच्चीवर जेवण. सगळी इमारत आडवा हात मारून जेवली. आत्या सोडून. पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली नाही, म्हणून ती तडक तळमजल्यावर आपल्या घरी गेली. ताट पाठवलं, तेही परत!

१४ मार्च
सगळ्या इमारतीला जुलाब. आमच्या घरात संडास एक, उमेदवार चार. बाबा वर्तमानपत्र घेऊन जातात. आईनं आज ते काढून घेतलं.

१५ मार्च
बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, तेव्हा आचाऱ्याला झापायला तेच गेले. मीही सोबत. तो म्हणाला, "साहेब, उरलेलं तेच आम्ही घरी खाल्लं. सगळे ठणठणीत आहोत." बाबा म्हणाले, "तुम्हाला सवय असेल!" संध्याकाळपर्यंत त्याची बदनामी गल्लीभर. पुढच्या दोन ऑर्डरी रद्द झाल्या म्हणे.

१६ मार्च
आत्याही आडवी! साखर-मिठाचं पाणी घेऊन गेले.
"पण तू तर जेवली नव्हतीस."
"तुमच्याकडचा घोटभर चहासुद्धा घेतला नाही," — मोठ्या अभिमानानं.
मी जिन्यातच थांबले. मग तिच्या पोटात आणि आमच्या पोटात सारखं काय गेलं? नळाचं पाणी.
बाबांना सांगितलं. म्हणाले, "हवा बदललीय."

१७ मार्च
मीच प्लंबरला बोलावलं. त्यानं जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. शेजारचं गटाराचं चेंबर तुंबलेलं, टाकीच्या भिंतीला तडा. तिकडचं इकडे झिरपतंय.
"शेवटची कधी धुतली होती?"
गेल्या वर्षी टाकीचं काम पुढे ढकलून फाटक रंगवायचं बाबांनीच ठरवलं होतं — "रंग चारचौघांना दिसतो, टाकीत कोण डोकावतंय?" फाटक छान दिसतं.

१८ मार्च
आत्याला दवाखान्यात हलवलं. सलाईन लावलंय. उशी कडक आहे म्हणून नर्सशी भांडली, म्हणजे बरी आहे.
बाबा एकटेच आचाऱ्याकडे जाऊन आले.
"काय म्हणाला?"
"काही नाही. आत्याची चौकशी केली."
मग बराच वेळ चप्पल न काढता बसून होते.

१९ मार्च
आत्याची लघवी बंद. डॉक्टर आता आमच्याशी हळू आवाजात बोलतात.

२० मार्च
सकाळी आत्या गेली.
वरच्या मजल्यावरचे काका बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वय झालं होतं हो."
बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "वय नाही. पाणी. मी पाजलेलं."