सासूबाईंचं नाव यादीत कसं आलं

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (हा खुर्चीत बसूनच घातला आहे, मोठ्या मनानं गोड मानून घ्यावा. गेला महिनाभर मी इतक्या रांगांत उभा राहिलो आहे, की आता वाकलो तर सरळ व्हायची खात्री नाही.) तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल. वहिनींचा खोकला गेला का? मागच्या फोनवर त्या बोलत होत्या की खोकत होत्या, तेच मला नीट कळलं नव्हतं. इकडे तुमची बहीण बरी आहे, माझं चष्म्याचं दुकान बऱ्यापैकी आहे, आणि आईंच्या तब्येतीबद्दल काळजी करायची असेल तर ती माझी करावी.

तर सांगायचं म्हणजे, या वेळच्या राज्याच्या निवडणुकीत आईंनी मत दिलं. जन्मात पहिल्यांदा. तुम्हाला आठवत असेल, नाना होते तोवर मतदानाच्या दिवशी ते एकटेच इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि परत आले की "घरचं मत देऊन आलो" म्हणून चहा मागायचे. आईंची त्यामुळे अशी समजूत, की पाण्याच्या नळासारखं मतही घरटी एकच मिळतं. नाना गेल्यावर ही पहिलीच निवडणूक. ती जाहीर झाली त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, की आता घरचं मत द्यायला कोण जाणार? मी चष्म्याची काच पुसत, फारसा विचार न करता म्हणालो, की तुम्हीच जा, एक अर्ज भरला की झालं. दादा, विचार न करता बोललेली वाक्यं माणसाला किती चालायला लावतात, ते मला आता कळलं.

अर्ज मिळाला. त्यात राहण्याचा पुरावा मागितला होता. आता आई या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तुमच्या बहिणीनं कपाट रिकामं केलं. विजेचं बिल नानांच्या नावावर. पाण्याचं नानांच्या. घरपट्टी नानांची. बँकेच्या पासबुकावर मात्र दोघं होते, पण कसे? नानांचं अख्खं नाव आणि पुढे "व पत्नी". म्हणजे या घरातला प्रत्येक डबा जिच्या हाताखालून गेला, ती इथे राहते हे सांगणारा कागदाचा एक चिटोरा घरात नाही. आई पलंगावर बसून हे सगळं बघत होत्या. "मग मी इतकी वर्षं होते कुठे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी पासबुक घेऊन निवडणूक कचेरीत गेलो. खिडकीवरचे गृहस्थ सज्जन होते. (खरंच होते. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसत होता, तेवढं मी त्यांना सांगून आलो.) ते म्हणाले, पुरावा नसेल तर घरमालकांनी समक्ष येऊन सही करावी. मी म्हटलं, त्यांना येता यायचं नाही. ते म्हणाले, गावाला गेलेत का? आता मागे एवढी मोठी रांग असताना मृत्यूचा विषय कसा काढायचा, म्हणून मी नुसतं "हं" म्हटलं. परत कधी येणार, असं विचारल्यावर मात्र सांगावंच लागलं. गृहस्थांनी यादी काढली. नाना यादीत ठणठणीत होते. ते म्हणाले, मग आधी त्यांचं नाव कमी करा, म्हणजे घरात दुसरं कोण राहतं ते बघता येईल, आणि कमी करायचा अर्ज त्याच भागातल्या मतदारानं करायचा. मी छाती पुढे काढून म्हटलं, मी आहे ना. त्यांनी माझं नाव शोधलं. मी नव्हतो. दादा, मी आणि तुमची बहीण या घरी राहायला आलो, पण आमची मतं अजून जुन्या भाड्याच्या खोलीतच राहताहेत! म्हणजे आमच्या घरात कागदोपत्री एकच माणूस राहत होता, आणि तो वारलेला होता.

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. तुमच्या बहिणीनं पुन्हा सांगायला लावलं, तेव्हा माझंच सांगणं मला वेगळं ऐकू आलं. कोण कुणाला कमी करणार आणि कुणाला कमी केल्यावर कोण वाढणार, हे मी कागदावर बाण काढून समजावायला गेलो, तर शेवटचा बाण माझ्याकडेच वळला. आईंना त्यातलं एकच कळलं. नानांचं नाव काढायला त्या साफ नाही म्हणाल्या. राहतंय तर राहू दे, कुणाला टोचतंय, असं म्हणून त्या आत निघून गेल्या आणि त्या दिवशी जेवायलाही उशिरा आल्या.

शेवटी कचेरीतून चौकशीला एक शिक्षिका घरी आल्या. शाळा सुटल्यावर हे काम करत होत्या, बोटांना खडू तसाच होता. त्यांनी शेजारच्या निवृत्त ड्रायव्हरकाकांना विचारलं, की या बाई इथेच राहतात का? काका म्हणाले, हिनं झापल्याशिवाय माझी गाडी या गल्लीत कधी उभी राहिली नाही. एवढा पुरावा बाईंना पुरला. काका या भागातले मतदार, त्यामुळे नानांचं नाव कमी करायच्या अर्जावरही तेच सही करणार होते. त्यांनी पेन उघडलं, तर आईंनी ते हातातून काढून घेतलं.

"माझं माणूस आहे. मी करते."

बाईंनी नियम सांगितला नाही. काकांच्या सहीखाली नातेवाईक म्हणून जागा होती, ती दाखवली. आईंनी कागद जवळ ओढला. मग सावकाश, अक्षराला अक्षर लावून, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मला ते पूर्ण नाव लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा समजलं, हे तुमच्या बहिणीला सांगू नका.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात आमचं केंद्र होतं. मी नुसता सोबत गेलो होतो, कारण आमचा पत्ता बदलायची मुदत आईंच्या अर्जापायी धावण्यात निघून गेली. आई पडद्यामागे गेल्या त्या आल्याच नाहीत. रांग चुळबुळायला लागली. अधिकाऱ्यांनी बाहेरून अदबीनं विचारलं, आजी, काही अडचण? आतून उत्तर आलं, की सगळ्यांची नावं वाचतेय, घाई कसली. बाहेर आल्यावर त्यांनी मला खांबाला टेकलेला पाहिलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, जावयांना जरा खुर्ची द्या, फार दगदग झालीय त्यांना. मी बसलोही. मत कुणाला दिलं ते मात्र अजून कळलेलं नाही. मी आडून विचारलं, तुमच्या बहिणीनं सरळ विचारलं. ते गुप्त असतं, एवढंच उत्तर मिळतं, आणि तेही अशा तोऱ्यात की जणू हा कायदा त्यांनीच केला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
तुमच्या बहिणीचे यजमान

ता. क. — पत्राचं खरं कारण आता लिहितो. (वर लिहिणार होतो, पण तुमची बहीण डोकावत होती.) पुढे नगरपालिकेची निवडणूक आहे. आई आता दारात खुर्ची टाकून बसतात, मतं मागायला येणाऱ्याला गटारीबद्दल विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत जाऊ देत नाहीत. काल दोन विरोधी उमेदवार एकाच वेळी आमच्या स्वयंपाकघरात अडकले होते. त्या गडबडीत मला माझ्याच घरात मागच्या दारानं यावं लागलं. तुम्ही आईंना तिकडे नेतो म्हणून कधीचे म्हणताय. तर निदान ही निवडणूक आटपेपर्यंत न्याच. तिकीट मी काढतो.

ता. क. दुसरा — तिकीट काढू नये असं ठरलं आहे. आईंना हे पत्र वाचून दाखवावं लागलं. त्या म्हणतात, इथे नाव लागायला एवढा जन्म गेला, ते सोडून मी कुठेही जाणार नाही. आईची आठवण येत असेल तर दादानं इकडे राहायला यावं. त्याचा अर्ज मी भरते, जावयांना जमायचं नाही.