अक्कांचा बंद माइक

मंगळवार, संध्याकाळ. धुळे

दहावीला बाहेरून बसलेल्या बायकांचा ऑनलाइन तास संपला, पण सुनंदाअक्का काही डोक्यातून जाईनात. शिरपूरकडच्या खेड्यातून रोज वेळेवर हजर होतात, माइक मात्र कायम बंद. आज समीकरण विचारलं, तर "समजलं" एवढंच बोलून परत माइक बंद. मला काही ते खरं वाटेना, म्हणून तासानंतर फोन केला.

त्या म्हणाल्या, "मॅडम, माले काहीच समजनं नही. पन मी बोलनू का बठ्ठा हसतस."

बठ्ठा, म्हणजे सगळेच. मीसुद्धा? हो, मीसुद्धा. पहिल्या आठवड्यात त्यांनी अहिराणीत उत्तर दिलं, सगळ्या हसल्या आणि मीही हसले होते. उत्तर बरोबर होतं का, तेही आठवत नाही. आणि माझी आई घरी अहिराणीच बोलते!

मग तेच समीकरण अहिराणीत समजावलं. जीभ माझीच अडखळत होती. दोनदा तर त्यांनीच माझा शब्द दुरुस्त केला. "आते समजनं," म्हणाल्या. त्या दिवशीच्या हसण्याबद्दल मी माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," त्या म्हणाल्या, "दुसरं गणित सांगा."