घोड्याच्या शिल्पामागील भिंतीवरची सावली न पुसण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सार्वजनिक शिल्पे व उद्याने विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : चौकातील घोड्याच्या शिल्पामागे भिंतीवर राहून गेलेली सावली जागेवर राहू देणेबाबत, तसेच अर्जदाराचे यापूर्वीचे तिन्ही अर्ज रद्द समजणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे अर्जदारास आलेले आभारपत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार हा निवृत्त आरेखक असून इमारती, कमानी, जिने व उघड्यावरील शिल्पे यांची छायाचित्रे काढत परगावी हिंडणे, हा त्याचा रजेतील व पुढे निवृत्तीतील उद्योग होता. छायाचित्रात माणसे आलेली अर्जदारास खपत नसत. अनोळखी लोकांना "जरा सरकता का" असे म्हणण्यात त्याचा निम्मा प्रवास गेला आहे. सोबत असलेली पत्नी मात्र सरकत नसे. उलट ती शिल्पाच्या पायाशी जाऊन ताठ उभी राही. तिचे म्हणणे असे की, "अहो, माणूस नसलं तर दगड केवढा ते कळणार कसं?" आरेखकास हे मान्य करावेच लागते. त्यामुळे अर्जदाराच्या घरी असलेल्या सर्व छायाचित्रांत इमारत मोठी व पत्नी नखाएवढी आहे.

२. आपल्या चौकातील दगडी घोडा व त्यास पाणी पाजणारा मोतद्दार यांवर वादळात झाड पडून त्यांचे तुकडे झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. मूळ नकाशे कार्यालयात सापडले नाहीत. म्हणून आपण वर्तमानपत्रातून जुनी छायाचित्रे मागविली. लोकांनी पाठविलेल्या छायाचित्रांत कुठे घोड्याच्या पाठीवर पोरे बसलेली, तर कुठे घोड्याचे नुसते तोंड. पूर्ण घोडा व त्याच्या पायाशी सरळ उभे माणूस, असे छायाचित्र एकट्या अर्जदाराचे निघाले. आपल्या अभियंत्यांनी दूरध्वनी करून त्या बाईंची उंची विचारली. फोन पत्नीनेच घेतला व उंची सांगितली. नंतर आठवडाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की, नवा घोडा तिच्या मापावर बेतला जात आहे. अर्जदारास म्हणाली, "बघा, शेवटी मीच कामाला आले. झाला की बघायला जाऊ."

३. घोडा होण्यापूर्वी ती गेली. त्यानंतर अर्जदारास विशेष असे काही वाटलेले नाही. भेटायला आलेली मंडळी रडत होती, तेव्हा अर्जदार दाराची चौकट ओळंब्यात नाही, किंचित कलली आहे, हे पाहत होता. मुलगी म्हणते, बाबा, एकदा मोकळे व्हा. कशातून मोकळे व्हायचे ते अर्जदाराच्या लक्षात येत नाही. जेवण जाते, झोप लागते, वर्तमानपत्र वाचून होते. कॅमेरा कपाटात आहे. ही माहिती विषयास सोडून आहे, परंतु पुढील मजकूर समजण्यास लागेल.

४. शिल्पाचे अनावरण झाल्यावर अर्जदार एकटाच बसने आला. शिल्प उत्तम झाले आहे. मागच्या भिंतीवर आपल्या विभागाने अर्जदाराचेच जुने छायाचित्र शिल्पाच्या खऱ्या मापात रंगवून घेतले आहे, जेणेकरून लोकांना जुने व नवे ताडून पाहता यावे. त्या चित्रात पत्नी नव्हती. जिच्यावरून घोड्याचे माप घेतले, तिलाच काढून टाकले होते. चौकशीअंती आपल्या लिपिकांनी सांगितले की, सार्वजनिक भिंतीवर खाजगी व्यक्ती घेता येत नाही.

५. त्यावर अर्जदाराने तीन अर्ज केले. पहिल्यास उत्तर आले की, सदर व्यक्तीने स्वतः लेखी संमती द्यावी. दुसऱ्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडला, तेव्हा उत्तर आले की, मृत व्यक्तींसाठी बाकडे देणगी देण्याची योजना असून ती दुसऱ्या विभागाकडे आहे. तिसऱ्या अर्जात अर्जदाराची बुद्धी फिरली. आरेखकाची खोड म्हणून त्याने लिहिले की, आपल्या रंगाऱ्याने बाई काढली तरी चौथऱ्यावर पडलेली तिची सावली तशीच रंगवली आहे, तेव्हा सावली आहे तर बाईही असावी. यावर आपले उत्तर उलट टपाली आले. चूक दाखवून दिल्याबद्दल अर्जदाराचे आभार मानून, सावली तात्काळ पुसण्याचे आदेश दिल्याचे त्यात म्हटले आहे. जागरूक नागरिक म्हणून प्रशस्तिपत्रकही जोडले आहे. ते साभार परत करीत आहे.

६. आता सावली का राहावी, याविषयी. फोटो काढताना अर्जदाराने कॅमेरा डोळ्याला लावला की पत्नी गुपचूप टाचा उचलत असे. त्या दिवशीही उचलल्या होत्या. ती सपाट पायांवर उभी आहे असे धरून हिशेब झाल्यामुळे नवा घोडा मूळ घोड्यापेक्षा चार बोटे बुटका झाला आहे. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही व आपणही ते मनावर घेऊ नये. कारण भिंतीवरचे चित्रही त्याच मापाने मोठे केल्यामुळे टाचा उचललेली सावली बरोबर तिच्या सपाट पायांवरच्या उंचीची उतरली आहे. अर्जदार भिंतीला खेटून उभा राहिला, तर सावलीचा खांदा त्याच्या दंडाशी जिथे यायचा तिथेच येतो. पहिल्यांदा असा उभा राहिला तेव्हा अर्जदारास तिथेच खाली बसावे लागले. ती गेल्यापासून त्यास काही जाणवले, ते एवढेच. ते पुन्हा दुसरीकडे कुठे जाणवेल, असे त्यास वाटत नाही.

७. सबब, पत्नीस चित्रात परत घेण्याची मागणी अर्जदार मागे घेत आहे. तिचे नाव नको, बाकडे नको. सावली कोणाची, असे कोणी विचारल्यास दिव्याच्या खांबाची म्हणून सांगावे. अर्जदार समोर असला तरी हरकत घेणार नाही.

८. हा अर्ज भिंतीला पाठ लावून लिहिला असल्याने अक्षर वाकडे आले आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपला रंगारी सकाळीच डबा व ब्रश घेऊन आला. "काका, जरा सरकता का," असे तो दोनदा म्हणाला. माणूस सभ्य आहे, त्याच्यावर कारवाई होऊ नये. अर्जदार सरकला नाही, म्हणून तो घोड्याच्या चौथऱ्यावर बसून राहिला आहे. हा अर्ज बागेच्या माळ्याहाती पाठवीत आहे.

९. ताजा कलम. माळी निघण्याच्या बेतात असताना ऊन कलले. अर्जदाराची सावली मागे भिंतीवर तिच्या सावलीला येऊन मिळाली आहे. रंगारी उठून जवळ आला आणि म्हणाला, "काका, यातली पुसायची कुठली?" अर्जदाराने त्यास सांगितलेले नाही. याबाबत आपल्याकडून लेखी आदेश व्हावेत, ही विनंती.

आपला नम्र व अद्याप न सरकलेला,

(सही)
अर्जदार

दिनांक : आपल्या आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत : १) प्रशस्तिपत्रक, परत.
२) मूळ छायाचित्राची प्रत. पत्नी उजवीकडे खाली आहे. भिंग घेऊन पाहावे.