ऑफ्टनटाइम्स आणि माझी कायम नोकरी

सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४
गुरुवारी साहेब इन्स्पेक्शनला येणार. माझा इंग्रजीचा तास बघणार. मग मी शाळेत कायम, नाहीतर एप्रिलात घरी. हेडमास्तर सिद्धलिंगप्पा सर म्हणाले, सोपा धडा घ्या. कशाला? अख्ख्या सोलापुरात माझ्यासारखं इंग्रजी आहे कुणाचं! ‘ऑफ्टनटाइम्स’ हा जुना शब्द घेणार. अर्थ आणि मूळ, दोन्ही. साहेब गार पडतील.

मंगळवार
अर्थ: कधीतरी. मूळ: लॅटिन. डिक्शनरी बघितली नाही. भारी शब्द सगळे लॅटिनच असतात.

संध्याकाळी
नववीतली दानम्मा म्हणाली, सर, मामांच्या डिक्शनरीत ‘वारंवार’ दिलंय. डिक्शनरी जुनी असेल, म्हटलं. शब्द पण जुनाच हाय की सर, म्हणाली. आगाऊ कुठली! खाली बसवलं.

बुधवार
पोरांकडून आपली इन्स्पेक्शनची पद्धत घोटून घेतली. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. वर्ग हुशार दिसतो, आपण उजव्यालाच उठवायचं. पुन्हा पुन्हा करून दाखवलं, खांदा भरून आला.

बायकोचे, कस्तुराचे, दिवस भरत आलेत. म्हणाली, कायम झालात तर बाळंतपण हितंच करू. न्हायतर मंगळवेढ्याला बापाच्या दारात किती दिस ऱ्हायाचं? कायम झालोच समज, म्हटलं. जेवण गेलं नाही. उकाडा फार.

गुरुवार, दुपारी
तासाला छातीत धडधडत होतं. चहा जास्त झाला असणार. अर्थ विचारला, सगळे हात वर. एका उजव्याला उठवलं. ‘कधीतरी’, खणखणीत म्हणाला.

साहेब उठले. म्हणाले, अर्थ वारंवार, पुष्कळदा. लॅटिनचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीतला ‘ऑफ्ट’, त्याचा ‘ऑफ्टन’ झाला, मागाहून ‘टाइम्स’ जोडला. मग मलाच विचारलं, गुरुजी, हे ठाऊक होतं तुम्हाला?

माझा डावा हात वर गेला. देवाशपथ, आपोआप. वर्ग फुटला हसून. साहेब हसले नाहीत. कधीकाळी मास्तरच होते म्हणे. तोंड लपवायला जागा नव्हती.

शनिवार
हेडमास्तरांनी सांगितलं, एप्रिलपर्यंत या. बरंच झालं. या शाळेला माझं इंग्रजी झेपत नव्हतं.

कस्तुराला हेच सांगायचं ठरवून घरी आलो. तिनं तोंडाकडं बघितलं. माळ्यावरची ट्रंक तेवढी खाली काढा, म्हणाली.

काढली.