उघड्या डोळ्यांची डुलकी

बाबा, रायपूरच्या वाटेवर तुमचा ट्रक झाडावर गेला, त्यात तुम्ही गेलात, ते ब्रेक फेल झाल्यामुळे, असं आई अजूनही सांगते. मालकाने तेच सांगितलं, शेजाऱ्यांनी तेच, आणि मी शाळकरी पोरानेही मान हलवली होती. आता माझा विश्वास बसत नाही. तसा तो कुणाच्याच सांगण्यावर बसत नाही. कामच तसलं पत्करलं आहे.

बेसा गावाजवळच्या एका केंद्रात मी ड्रायव्हरांची झोप मोजतो. समोरच्या पडद्यावर रस्ता धावतो, हातात स्टिअरिंग असतं, डोळ्यांवर कॅमेरा. लाल दिवा लागला की बटण दाबायचं. त्याआधी एक कागद भरायचा: झोप किती आली आहे, एक ते नऊ. एक म्हणजे टक्क जागा. सगळे एकवरच खूण करतात. झोप येते म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी गाडी चालवता येत नाही म्हणणं. तोंडावर पाणी मारून येतात, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून येतात. सुरुवातीला मी फसायचो; जबडा हलतोय म्हणजे माणूस जागा आहे, असं वाटायचं. आता आधी चूळ भरायला लावतो आणि वर शिव्या खातो.

परवा कुहीकडचा एक ड्रायव्हर आला. डोळे लाल, शर्ट दोन दिवसांचा. झोप झाली का, विचारलं.

"मस्त झाली साहेब. मले काहून झोप येईन?"

भर सकाळी, डोळे सताड उघडे, आणि लाल दिवा लागून विझला तरी याचा हात जागचा हलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. खांद्याला हात लावला तर दचकून म्हणाला, "पाहून राहिलो ना!"

आणि मी पुन्हा तुमच्या ट्रकमध्ये, शाळकरी पोर. काटोलहून संत्री भरून आपण निघालो आहोत, दुपार आहे, सुट्टी म्हणून मी तुमच्या शेजारी बसलो आहे. पुढे बैलगाडी. मी हाक मारतो. तुमचे डोळे उघडे आहेत, तोंडात खर्रा फिरतो आहे. तिसऱ्या हाकेला मी किंचाळतो तेव्हा तुम्ही स्टिअरिंग ओढता. मग हसता, "काहून वरडतं गा? पाहून राहिलो ना मी." पुढच्या टपरीवर तुम्ही मला दोन आलूबोंडे घेऊन दिलेत. एरवी एकच मिळायचा. मला तेव्हाच संशय आला. "मायले सांगू नको, नाही तं पुन्हा गाडीवर बसू देणार नाही," तुम्ही म्हणालात.

कुहीच्या त्या माणसाला मी नापास केलं. त्याने हात जोडले, बायकोला फोनवर बोलायला लावलं. मी बधलो नाही. सगळे मला दगड म्हणतात. म्हणू देत.

त्या दुपारी मला घरी सोडून तुम्हाला माल पुढे रायपूरला न्यायचा होता. तुम्ही जेवत होता. आईने आतल्या खोलीत तुमच्यासाठी अंथरूण घातलं होतं. तिने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "खरं सांग गा, बाबाले डुलकी तं नाही लागली?"

मला पुन्हा गाडीवर बसायचं होतं. मी "नाही" म्हणालो. तिने अंथरूण गुंडाळलं आणि तुमच्या हातात पाण्याची बाटली दिली.