खोटी शेगडी

ती. आईस,

मी बरी आहे. इथली लढाई कधीच संपली. आम्ही फक्त तिचा सिनेमा करतोय.

लढाईत घर जळालेल्या एक मावशी त्यात स्वतःचीच भूमिका करतात. हल्ल्याचा भोंगा वाजला की त्यांनी स्वयंपाकघरातून पळायचं. पण दर वेळी त्या मागं फिरून गॅस बंद करतात.

दिग्दर्शक वैतागले. "अहो मावशी, त्या दिवशी तशाच पळालात ना?"

"म्हणून तर. आज तरी बंद करू द्या."

शेगडी मीच मांडलेली, खोटी.

गावाला निघताना तूही दारातून परत फिरायचीस. बाबा म्हणायचे, "शेगडीच घे बरोबर!" सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे.

आता हसायला घरात कुणी नाही. तरी परत फिरतेस ना?

तुझी,
धाकटी